चाकणहून युरोपला : मजल आणि मुक्काम

मराठींतील "मजल" हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतचें अंतर म्हणजे मजल. आणि तें अंतर चालून जाण्यास लागणारा जो एक दिवस, तीहि मजलच. अंतर आणि काळ हीं दोन निराळीं मापें आहेत, हें शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. परंतु प्रवास करणाऱ्या माणसानें तीं कधींच वेगळीं ठेवलीं नाहींत. आज पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या घरांत "जर्मनी किती लांब?" असा प्रश्न निघाला, तर "विमानानें नऊ-दहा तास" असें उत्तर मिळतें, मैल किंवा किलोमीटर सहसा कोणी सांगत नाहीं. जुन्या मजलेचाच हा नवा अवतार होय. हे नऊ-दहा तास कसे सिद्ध झाले, त्यांच्या वाटेंतून कोणकोणते मुक्काम गळाले, आणि कोणता मुक्काम अद्याप गळालेला नाहीं, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

आरंभ चाकणपासूनच करणें योग्य. पुण्याच्या उत्तरेस सुमारें १८ मैलांवर, जुन्नरच्या वाटेवर, चाकणचा भुईकोट किल्ला आहे. इ. स. १६६० मध्यें शाएस्तेखानानें पुण्यास तळ दिला, आणि उत्तरेकडून येणारी आपली वाट निर्धोक असावी म्हणून त्यानें या लहानशा किल्ल्यास जून महिन्यांत वेढा घातला. आंत फिरंगोजी नरसाळा होता. पावसाळा ऐन भरांत, खंदक पाण्यानें भरलेला, आणि किल्लेदार हटण्यास तयार नाहीं. बुरुजाखालीं सुरुंग उडवून खानास किल्ला मिळाला, तेव्हां ऑगस्टचा मध्य उजाडला होता. पायीं जाणाऱ्यानें एका दिवसांत गांठावें असें हें अंतर. तें मोंगलांच्या अफाट फौजेस जवळजवळ दोन महिने पुरलें. अंतराची लांबी जमिनीवर ठरते. त्याचा काळ मात्र वाटेंत कोण उभें आहे, ऋतु कोणता आहे आणि पुढें जाण्यास मुभा कोणाची हवी, यांवरून ठरतो. पुढील तीनशे-साडेतीनशे वर्षांचा सारा इतिहास याच गोष्टीचा विस्तार आहे.

त्या काळीं युरोप किती लांब होता? वास्को द गामा लिस्बनहून ८ जुलै १४९७ रोजीं निघाला आणि कालिकतच्या किनाऱ्यास मे १४९८ मध्यें लागला. म्हणजे दहा महिन्यांहून अधिक काळ गेला. पुढें वाटेची माहिती वाढली, जहाजें सुधारलीं; तरीहि आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजास इंग्लंडहून मुंबईस पोंचण्यास साधारणतः पांच-सहा महिने लागत. वाऱ्याची वेळ चुकली कीं बंदरांत महिनोन् महिने बसून राहणें प्राप्त होई.

या विलंबाचा अर्थ राजकारणांत काय होत असे, याचें उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांतच आहे. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांस कंपनी सरकारनें १८३९ सालीं पदच्युत करून काशीस पाठविलें. त्यांची दाद लावण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते लंडनास गेले आणि सुमारें चौदा वर्षें तेथेंच झगडत राहिले. त्या सुमारास भूमध्य समुद्र, मिसरची भूमि आणि तांबडा समुद्र अशा मिश्र मार्गानें आगबोटींची टपाल सुरू झालेली होती. तरीहि पत्रास एका बाजूनें महिना-दीड महिना लागे. प्रश्न विचारावा आणि उत्तर यावें, एवढ्यांत तीन महिने सरत. १८४७ सालीं धनी काशींत वारले, तेव्हां त्यांचा वकील सातासमुद्रांपलीकडे त्यांच्याच हक्कासाठीं अर्ज लिहीत होता. ज्याच्यासाठीं भांडावयाचें तो या जगांत उरला नाहीं, हें कळण्यासहि आठवडेच्या आठवडे जावे लागले. लांबचें अंतर नुसतें पाय थकवीत नाहीं. तें न्यायहि थकवितें.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन जलमार्ग चार हजार मैलांहून अधिक कमी झाला. पृथ्वी होती तेवढीच राहिली. एका चिंचोळ्या भूमींतून वाट मात्र खोदली गेली. तथापि वाट आंखूड झाली म्हणून ती सुखाची झाली, असें नव्हे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या. वैद्यकीय पदवी घेऊन, क्षयानें पोखरलेल्या देहानें त्या परत निघाल्या, तो दीर्घ समुद्रप्रवास त्यांस पेलण्यासारखा नव्हता. नोव्हेंबर १८८६ मध्यें त्या मुंबईस आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. प्रवासाचे दिवस मोजतांना ते कोणाच्या आयुष्यांतून वजा होत आहेत, हेंहि पाहावें लागतें.

समुद्र असा जवळ येत असतां इकडे जमिनीवर एक मुक्काम आडवा पडलेला होता. तो म्हणजे बोरघाट. मुंबईस आलेला मनुष्य पुण्यास कसा पोंचावा? १८३० सालीं घाटांतून गाड्यांचा रस्ता झाला. १४ जून १८५८ रोजीं खंडाळा-पुणें लोहमार्ग सुरू झाला, आणि चिंचवडच्या माळावरून आगगाडी धांवूं लागली. पण खालीं खोपोलीपर्यंत एक गाडी आणि वर खंडाळ्यापासून दुसरी, अशी स्थिति कांहीं वर्षें होती. मधला घाट प्रवाशानें पालखींतून, तट्टावर किंवा पायीं चढावा. सुमारें १६ मैलांत १८०० फुटांहून अधिक उंची गांठणारा घाटाचा लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजीं खुला झाला, तेव्हां हा मुक्काम गळाला. मात्र त्यासाठीं हजारों मजुरांनीं पटकी, ताप आणि अपघात यांत आपले प्राण गमावले. गाडींत बसणाऱ्याचे जे तास वांचले, त्यांची किंमत दुसऱ्याच कोणी तरी दिलेली होती. ही गोष्ट येथें नोंदून ठेवणें इष्ट आहे, कारण पुढें ती पुन्हां भेटणार आहे.

यानंतर आकाशाचा मार्ग आला. परंतु आरंभीं तोहि मुक्कामांचाच मार्ग होता. इंपीरियल एअरवेज कंपनीची लंडन-कराची सेवा ३० मार्च १९२९ रोजीं सुरू झाली. तींत कांहीं वाट भूविमानानें, कांहीं जलविमानानें आणि युरोपांतील एक टप्पा चक्क आगगाडीनें, अशी सात दिवसांची यात्रा होती. कराचीस आलेली टपाल मुंबईस झटपट यावी, म्हणून जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं एका लहानशा "पस मॉथ" विमानांतून कराची-अहमदाबाद-मुंबई असें उड्डाण केलें व जुहूच्या मैदानावर तें उतरविलें. तेथून पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं टपाल बळ्ळारीवरून मद्रासेस नेली. अहमदाबादेस विमानासाठीं आणलेलें पेट्रोल बैलगाडींतून आलें होतें. शंभर मैलांच्या वेगानें जाणारें यंत्र बैलाच्या पावलाची वाट पाहत उभें राहिलें, हें चित्र विसरण्यासारखें नाहीं. प्रवासाचा वेग त्यांतील सर्वांत मंद दुव्यावर अवलंबून असतो, हा धडा त्या दिवशींच मिळाला होता.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें "मलबार प्रिन्सेस" हें चार इंजिनांचें विमान मुंबईहून लंडनास निघालें. वाटेंत कैरो आणि जिनीव्हा असे दोन मुक्काम. सुमारें ५,००० मैलांचा हा पल्ला साधारण एका अहोरात्रांत पुरा झाला. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि लंडन यांवर दोरा ताणून धरला, तर तो सुमारें ४,४८० मैल भरतो; म्हणजे इंधनासाठीं आणि उताऱूंसाठीं घेतलेल्या वळणांनीं पांचशेंच्या आसपास मैल वाढविले होते. १९६० सालीं एअर इंडियाकडे बोइंग ७०७ हीं जेट विमानें आलीं. वेग जवळजवळ दुप्पट झाला, आणि कालांतरानें हे मधले मुक्कामहि गळून पडले.

नेमक्या याच कालखंडांत पुण्याच्या वायव्येस एक नवें जग उभें राहत होतें. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन बनविण्याच्या त्या उद्योगास जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचें साह्य होतें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळरानांवर आखणी सुरू झाली. बजाज आणि टेल्को आले, स्वीडनच्या एस्. के. एफ्. आणि सँडविक या कंपन्यांनीं येथें बस्तान बसविलें. १९७० सालीं नगरपालिका आणि १९८२ सालीं महानगरपालिका झाली. मर्सिडीझ-बेंझच्या मोटारी १९९५ पासून पिंपरींत जुळविल्या जाऊं लागल्या. २००९ सालीं ती कंपनी चाकणच्या नव्या कारखान्यांत गेली, आणि त्याच वर्षीं फोक्सवॅगनचा कारखानाहि चाकणला सुरू झाला. ज्या किल्ल्यानें दिल्लीच्या फौजेस दोन महिने थोपविलें, त्याच्या पंचक्रोशींत आतां श्टुटगार्ट आणि वोल्फ्सबुर्ग येथील नकाशांवरून मोटारी तयार होऊं लागल्या.

अशा उद्योगास विमानाच्या तासांचें महत्त्व कां वाटतें? मोटारीचे जड सुटे भाग जहाजानें येतात. त्यांस तीन-चार आठवडे लागले तरी आधीं हिशेब करून मागविलेले असल्यामुळें चालतात. परंतु एखादें मशीन अकस्मात् बंद पडलें, आणि त्याचा लहानसा भाग किंवा तें दुरुस्त करणारा जाणकार माणूस जर्मनींतच असला, तर प्रत्येक तास हा नुसत्या थांबलेल्या कामाचा असतो. अशा वेळीं चार हजार मैल ही भूगोलाची गोष्ट राहत नाहीं. ती पाळींत हात बांधून बसलेल्या कामगारांची आणि रखडलेल्या मालाची गोष्ट होते. घरांचेंहि तसेंच. ज्या कुटुंबांतील मुलगा अथवा सून नोकरीनिमित्त परदेशीं आहे, त्या कुटुंबास आजाराची वार्ता क्षणांत कळते. परंतु मुलाचा हात हातांत येण्यास किती वेळ लागेल, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

त्याचें उत्तर देण्यासाठीं थोडें गणित केलें पाहिजे. पुणें आणि फ्रँकफुर्ट यांतील गोलावरचें सर्वांत आंखूड अंतर सुमारें ४,१५० मैल, म्हणजे ६,७०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही वाट सरळ ओढावीशी वाटते. पण गोलावर दोरा ताणला म्हणजे तो उत्तरेकडे झुकतो आणि बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचा कांठ, कॉकेशस आणि काळा समुद्र यांवरून जातो. आधुनिक जेट विमान तासास सुमारें ५३० मैल जातें. भागाकार केला तर आठ तासांहून थोडें कमीच उत्तर येतें. प्रत्यक्षांत मात्र जातांना नऊच्या आसपास किंवा त्याहून अधिक तास लागतात. चढण्या-उतरण्यांत वेळ जातो, हवाई मार्गांस वळणें असतात, आणि उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे युरोपकडे जाणाऱ्या विमानास समोरून अडवितात. येतांना तेच वारे पाठीशीं असल्यामुळें परतीचा प्रवास तासाभरानें आंखूड होतो. शिडाच्या जहाजांचा काळ गेला. वाऱ्याचें राज्य मात्र अगदींच गेलें नाहीं.

आणि वाऱ्याहून बलवत्तर असा अडथळा मनुष्याचा आहे. जून १९६७ च्या युद्धांत सुवेझ कालवा बंद झाला, तो जून १९७५ पर्यंत बंदच राहिला. आठ वर्षें मुंबईचीं जहाजें पुन्हां वास्को द गामाच्या वाटेनें आफ्रिकेस वळसा घालीत होतीं. आकाशासहि असेच दरवाजे आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्यें पाकिस्तानानें आपलें आकाश बंद केलें, तें जुलैपर्यंत पूर्ववत् झालें नाहीं. त्या महिन्यांत उत्तर भारतांतून युरोपकडे जाणाऱ्या विमानांस दक्षिणेकडून लांबचा फेरा पडला. फेब्रुवारी २०२२ मध्यें युद्धामुळें युक्रेनचें आकाश नागरी विमानांस बंद झालें. वेळापत्रकांतील नऊ तास हे पंख आणि इंजिन यांइतकेच शेजारच्या राष्ट्रांच्या संमतीवर उभे असतात. चाकणच्या वेढ्याचा धडा येथेंहि लागू पडतो.

येथपर्यंत दूरच्या मुक्कामांचा विचार झाला. आतां अगदीं पहिल्या मुक्कामाकडे, म्हणजे घरापासून विमानतळापर्यंतच्या वाटेकडे, वळावयाचें. पुण्याचा लोहगांवचा तळ १९३९ सालीं, महायुद्धाच्या छायेंत, लष्करी विमानांसाठीं झाला. नागरी विमानें तेथें वायुदलाच्या शेजारीं सोय करून घेतात. समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० फूट उंची, उन्हाळ्यांतील तापलेली विरळ हवा आणि सुमारें ८,३०० फुटांची धांवपट्टी, असा तेथला योग आहे. विरळ हवेंत पंखांस आधार कमी मिळतो आणि उडण्यापूर्वीं अधिक धांवावें लागतें. म्हणून दूरच्या प्रवासाचें इंधन पोटांत घेतलेल्या मोठ्या विमानास अशी पट्टी अपुरी पडते. मुंबईची मुख्य धांवपट्टी समुद्राच्या पातळीजवळ असून सुमारें ११,३०० फूट लांब आहे. २००८ सालीं लुफ्थान्सानें पुणें-फ्रँकफुर्ट सेवा सुरू केली, ती लहान विमानानें आणि उद्योगधंद्यांतील वरच्या वर्गाच्या प्रवाशांवर भिस्त ठेवून. कांहीं वर्षें चाकणच्या कारखानदारास युरोप खरोखरच एका मजलेवर आला. पुढें ती सेवा बंद पडली.

दूरच्या पल्ल्यासाठीं नवा विमानतळ हवा, ही मागणी जुनी. चाकण आणि खेड परिसराचें नांव त्यासाठीं अनेक वर्षें पुढें होतें. जमिनी जाणार म्हणून शेतकऱ्यांचा विरोधहि तितकाच जुना होता. २०१६ सालीं राज्य सरकारनें पुरंदर तालुक्यांतील जागा निवडली, आणि तेथील गांवांतूनहि तोच आवाज उठला. शहरांतील प्रवाशास जो मुक्काम नकोसा झाला आहे, तो दूर करण्यासाठीं लागणारी जमीन कोणाच्या तरी अंजिराच्या बागेची, कोणाच्या तरी ज्वारीच्या शेताची असते. बोरघाटांत मजुरांच्या प्राणांचा हिशेब त्या वेळीं कोणी नीट मांडला नाहीं. येथें मात्र हिशेब आधींच मांडला जात आहे, आणि त्यामुळें होणाऱ्या विलंबास केवळ आडमुठेपणा म्हणून बाजूस सारणें न्यायाचें होणार नाहीं. तसेंच, त्या विलंबाची किंमत कामगार, कारखाने आणि परदेशीं असलेल्यांचे आईबाप देत असतात, हेंहि नाकारतां येणार नाहीं. दोन्ही बाजूंस माणसेंच आहेत.

तोंवर चाकणचा प्रवासी मुंबईचीच वाट धरतो. २००२ सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग देहूरोडजवळ किवळें येथें या औद्योगिक पट्ट्यास येऊन मिळतो. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ ती वाट आणखी आंखूड करणारा आहे. तरीहि हिशेब पाहावा. चाकणच्या चौकांतील गर्दींतून निघून मुंबईच्या विमानतळावर पोंचण्यास तीन-चार तास धरावे लागतात. तेथें उड्डाणापूर्वीं तीन तास आधीं हजर राहण्याची रीत आहे. म्हणजे पहिल्या शंभर मैलांस सहा-सात तास आणि पुढील चार हजार मैलांस नऊ-दहा! अहमदाबादची ती बैलगाडी अजून वाटेंत आहे. फक्त तिच्यापुढें बैलांऐवजीं मालमोटारींची रांग आहे.

दरवर्षीं आषाढीच्या आधीं देहूहून तुकाराम महाराजांची पालखी निघते आणि तिचा मुक्काम याच पट्ट्यांत आकुर्डीस पडतो. आजूबाजूस कारखान्यांचीं धुराडीं, वरून लोहगांवकडे उतरणारीं विमानें, आणि मधून चालणारे वारकरी. पंढरपूर तेथून दीडशे मैल. पोंचण्यास जवळजवळ तीन आठवडे. त्या वाटेवरचा एकहि मुक्काम गाळावा, असें वारकऱ्यास वाटत नाहीं, कारण त्याचे मुक्काम त्यानें स्वतः पत्करलेले असतात. कारखान्याच्या आणि घराच्या वाटेवरचे मुक्काम मात्र दुसऱ्यांनीं लादलेले असतात, आणि ते दूर करण्याची किंमतहि बहुधा दुसऱ्यांसच द्यावी लागते. जर्मनी नऊ तासांवर आहे, असें सांगतांना तो हिशेब चाकणच्या उंबऱ्यापासून धरला, आणि त्यांत पुरंदरचें शेतहि धरलें, तरच तें उत्तर खरें ठरेल.